चक उघडल्यावर बिघडणारा बोअर: पातळ जॉबला किती पकड द्यावी?

पातळ रिंगचा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, लेथवर फिनिश होतो. जॉब (कापायची वस्तू) चकमध्येच, म्हणजे त्याला धरून फिरवणाऱ्या जबड्यांच्या पकडीतच असताना गोलाई बघायची डायल लावली तर काटा जागचा हलत नाही. चक उघडून जॉब टेबलावर घेतला की मात्र प्लग गेज (ठरलेल्या मापाचा गोल दांडा) आत जात नाही, आणि दोन टोकांचा बोअर गेज तर माप बरोबर असल्याचं सांगतो. अशा वेळी संशय आधी इन्सर्टवर (टूलच्या कापणाऱ्या तुकड्यावर) जातो, मग ऑफसेटवर (मशीनमध्ये भरलेल्या टूलच्या मापाच्या दुरुस्तीवर), मग स्पिंडलच्या बेअरिंगवर. शेवटी ऑफसेट थोडा वाढवून गेज आत घातला जातो आणि पुढे असेंब्लीतून बेअरिंग सैल बसल्याची तक्रार येते. बहुतेक वेळा दोष यातल्या कशातच नसतो. जॉब गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोराने धरलेला असतो.

भोसरी, चाकण, सातारा, शिरोली इथल्या शॉपमध्ये बुश, स्लीव्ह, रिंगा, बेअरिंग हाउसिंग अशी पातळ भिंतीची कामं रोज चालतात. जॉब सुटून उडण्याची भीती खरी आहे, आणि ती असायलाच हवी. पण पकड किती हवी हे भीतीवर सोडायची गरज नाही. त्याचा हिशोब कागदावर पाच मिनिटांत होतो.

चकमध्ये रिंगचं काय होतं

एक ठरावीक जॉब घेऊ. बाहेरचा व्यास १०० मिमी, भिंत ५ मिमी, रुंदी २५ मिमी, माल ईएन ८. तीन जॉच्या (जबड्यांच्या) चकमध्ये बाहेरून धरला आहे, आणि प्रत्येक जॉ १००० न्यूटनने, म्हणजे साधारण १०० किलोच्या जोराने दाबतो आहे. चकच्या मानाने हा जोर किरकोळ आहे. तरीही रिंग प्रत्येक जॉखाली ०.०३२ मिमी आत जाते आणि दोन जॉच्या मधल्या भागात सुमारे ०.०२९ मिमी बाहेर फुगते. एकूण फरक त्रिज्येवर ०.०६ मिमी, म्हणजे ६० मायक्रॉन. बेअरिंगच्या बोअरला जी गोलाई लागते, तिच्या तुलनेत ही चूक फार मोठी आहे.

आता बोअरिंग बार आत जातो. टूल स्पिंडलच्या अक्षाभोवती बिनचूक गोल कापतं. रिंग जिथे आत दबलेली आहे तिथे जास्त माल निघतो, जिथे फुगलेली आहे तिथे कमी. चकमध्ये असेपर्यंत बोअर खरोखरच गोल असतो, म्हणून डायल काही दाखवत नाही. चक उघडल्यावर रिंग आपल्या मूळ आकारात परत येते. बाहेरचा व्यास पुन्हा गोल होतो आणि बोअर तीन बाजूंना फुगलेला राहतो. हे फुगवटे बरोबर जॉच्या जागी असतात आणि तिथे भिंत पातळ झालेली असते.

वाकण्याचं प्रमाण भिंतीच्या जाडीच्या घनाने बदलतं. भिंत ५ ऐवजी १० मिमी असती, तर तेवढ्याच जोराने आकार सुमारे ९ पट कमी बिघडला असता. म्हणूनच जाड जॉबवर वर्षानुवर्षं चाललेला चकचा प्रेशर पातळ जॉबवर एकदम त्रास देऊ लागतो. ॲल्युमिनियम स्टीलच्या तुलनेत तिप्पट लवचीक, त्यामुळे तिथे बिघाडही तिप्पट.

गेज का फसतो

तीन फुगवट्यांच्या आकारात एक खोच आहे. ज्या बाजूला फुगवटा असतो, त्याच्या बरोबर समोर दबलेला भाग येतो. एकीकडे त्रिज्या वाढलेली, समोर जवळजवळ तेवढीच कमी झालेली. त्यामुळे आरपार व्यास कुठेही मोजा, तो जवळपास सारखाच भरतो. दोन टोकांचा बोअर गेज किंवा व्हर्नियर ही चूक पकडूच शकत नाही. प्लग गेज मात्र सगळ्या बाजूंनी एकदम टेकतो, म्हणून अडतो.

मोजायचे तीन सोपे मार्ग आहेत. पहिला, तीन टोकांचा इनसाइड मायक्रोमीटर लावून एक माप घ्यायचं, मग तो ६० अंश फिरवून दुसरं. दोन्हींत फरक आला तर बोअर तिकोनी आहे. दुसरा, गोल ॲन्व्हिलच्या मायक्रोमीटरने भिंतीची जाडी सहा जागी बघायची, तीन जॉखाली आणि तीन मध्ये. बाहेरचा व्यास आधीच नीट टर्न केलेला असेल तर हा मार्ग सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा. तिसरा आतून धरून बाहेरचा व्यास टर्न केलेल्या जॉबसाठी: ६० अंशाच्या व्ही-ब्लॉकवर जॉब ठेवून वरून डायल लावायची आणि जॉब फिरवायचा. तीन फुगवट्यांच्या जॉबवर इथे काटा खऱ्या चुकीच्या तिप्पट हलतो, ९० अंशाच्या व्ही-ब्लॉकवर दुप्पट. दाखवलेला आकडा तीनने किंवा दोनने भागायला विसरू नये.

पकडीचा हिशोब

पकड कशासाठी हवी? टूलने जॉबला चकमध्ये फिरवू नये आणि मागे ढकलू नये, एवढ्यासाठी. म्हणून सुरुवात कटिंग फोर्सपासून करायची. कटची खोली गुणिले फीड (एका फेऱ्यात टूल जितकं पुढे सरकतं ते अंतर) गुणिले त्या मालाचा विशिष्ट कटिंग फोर्स. ईएन ८ सारख्या मध्यम कार्बन स्टीलला ०.२ मिमी फीडवर तो ढोबळमानाने २४०० न्यूटन प्रति चौरस मिमी धरता येतो.

रफिंगला खोली १.५ मिमी, फीड ०.२ मिमी. १.५ × ०.२ × २४०० = ७२० न्यूटन. हा जोर बोअरवर, म्हणजे ४५ मिमी त्रिज्येवर लागतो. जॉ ५० मिमी त्रिज्येवर धरतात, म्हणून तिथे तो सुमारे ६५० न्यूटन होतो. शिवाय टूल जॉबला अक्षाच्या दिशेने ढकलतं, तो जोर मुख्य फोर्सच्या निम्मा, ३६० न्यूटन धरू. दोन्ही एकमेकांना काटकोनात आहेत, त्यामुळे वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ काढायचं: सुमारे ७४० न्यूटन. एवढं घर्षण जॉकडून मिळायला हवं.

गुळगुळीत सॉफ्ट जॉ (जॉबच्या मापाला कापून घेता येणारे मऊ जॉ) आणि कूलंटने ओला जॉब असेल तर घर्षणांक ०.१५ धरावा. ७४० भागिले ०.१५ म्हणजे साधारण ४९०० न्यूटन. त्यावर २.५ चा सुरक्षा गुणक लावला की एकूण पकड सुमारे १२,३०० न्यूटन, प्रत्येक जॉला ४१०० न्यूटन.

आता हा आकडा रिंगवर लावून बघा. जॉखाली रिंग ०.१३ मिमी आत जाते. त्याहून गंभीर म्हणजे, रफिंग संपता संपता भिंत ५ मिमीवर आली की जॉखाली वाकण्याचा ताण सुमारे ३५० न्यूटन प्रति चौरस मिमीपर्यंत जातो. नॉर्मलाइज केलेल्या ईएन ८ चा यील्ड, म्हणजे ज्यापुढे माल कायमचा वाकतो तो ताण, २८० च्या आसपास असतो. म्हणजे रिंग नुसती दबत नाही, कायमची वाकते. चक उघडल्यावरही बाहेरचा व्यास गोल होत नाही. हा कट, ही भिंत आणि तीन ठिकाणची पकड ही तिन्ही एकत्र चालणारच नाहीत, हे मशीन सुरू करायच्या आधीच कागदावर कळतं. एक तर कट हलका करा, नाहीतर पकडीची पद्धत बदला.

फिनिशिंगचा हिशोब वेगळाच निघतो. खोली ०.२, फीड ०.१. बारीक चिपला विशिष्ट फोर्स वाढतो, तो ३००० धरू. कटिंग फोर्स फक्त ६० न्यूटन. वरच्याच पायऱ्या केल्या की प्रत्येक जॉला सुमारे ३४० न्यूटन पुरतात. रफिंगच्या एक बारांश. या पकडीत तिकोनीपणा ०.०२ मिमीच्या आसपास राहतो, तोही तीनच ठिकाणी धरलं तर.

बहुतेक शॉपमधला मूळ दोष इथे आहे: रफिंगला लागणाऱ्या प्रेशरवरच फिनिशिंगही होतं. रफिंग झाल्यावर पकड सैल करून जॉब मोकळा होऊ द्यायचा, मग कमी जोराने पुन्हा धरून फिनिश कट घ्यायचा. हायड्रॉलिक चकवर एक काळजी घ्यावी लागते. जॉब धरलेला असताना नुसता प्रेशर कमी केल्याने पकड त्या प्रमाणात कमी होत नाही. वेज (पाचर) पद्धतीच्या चकमध्ये आतलं घर्षणच जॉना अडकवून ठेवतं. चक उघडा, प्रेशर उतरवा, मग पुन्हा पकडा. मशीनला कमी-जास्त अशा दोन प्रेशरची सोय असेल तर प्रोग्रॅममध्येही चक उघडण्याची पायरी हवी. पुन्हा पकडताना जॉब थोडा सरकतोच, म्हणून एकमेकांशी नातं असलेले सगळे फिनिश कट, बोअर, फेस, ग्रूव्ह, याच हलक्या पकडीत घ्यावेत.

वेग वाढला की पकड पळते

वरचा हिशोब मशीन फिरत असतानाच्या पकडीचा आहे. चक फिरू लागला की जॉ स्वतःच्या वजनाने बाहेर ओढले जातात आणि बाहेरून धरलेल्या जॉबवरची पकड घटते. एका जॉचं वजन बेस जॉसकट १ किलो आणि त्याचा गुरुत्वमध्य ८० मिमी त्रिज्येवर आहे असं धरू. १५०० आरपीएमला प्रत्येक जॉची पकड सुमारे २००० न्यूटनने कमी होते, ३००० ला जवळजवळ ७९०० ने. वेग दुप्पट केला की तोटा चौपट.

आपल्या फिनिश कटला १५० मीटर प्रति मिनिट कटिंग स्पीड घेतला तर ९० मिमी बोअरवर साधारण ५३० आरपीएम येतात. तिथे तोटा २५० न्यूटनच्या आसपास. म्हणजे चालताना ३४० हवे असतील तर उभ्या चकवर जवळपास ६०० न्यूटन द्यावे लागतात. ही भर घालणं म्हणजे जास्त आवळणं नव्हे, कारण कट चालू असताना रिंगवर येणारा जोर ३४० च असतो. उलट ही भर न घालता पकड कमी करणं थेट धोक्याचं आहे: ६०० न्यूटनवर सेट केलेला चक कोणी स्पीड वाढवून ९०० आरपीएमला नेला, तर पकड संपलेली असते. हलक्या पकडीच्या प्रोग्रॅममध्ये कमाल आरपीएमची मर्यादा टाकल्याशिवाय सायकल सुरू करू नये. सॉफ्ट जॉ छाटून हलके केले तर हा तोटाही घटतो आणि उभ्या चकवर कमी जोर द्यावा लागतो. आतून धरलेल्या जॉबचं उलटं: वेगाबरोबर पकड वाढते आणि पातळ स्लीव्ह आतून ताणली जाते.

गेजवरचा प्रेशर म्हणजे पकड नव्हे

पॉवर पॅकवरचा, म्हणजे हायड्रॉलिक चकला तेलाचा दाब पुरवणाऱ्या युनिटवरचा काटा तेलाचा दाब दाखवतो. जॉपर्यंत किती जोर पोचतो ते चकच्या ग्रीसवर अवलंबून असतं. ग्रीस संपलेल्या चकमध्ये त्याच प्रेशरला पकड अगदी निम्म्यावरही येऊ शकते. मग ऑपरेटर नाइलाजाने प्रेशर वाढवतो. काही दिवसांनी मेंटेनन्सवाले चक उघडून ग्रीस भरतात, प्रेशर मात्र वाढवलेलाच राहतो. त्या दिवसापासून जॉब तिकोनी यायला लागतात आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही. पातळ जॉबच्या मशीनवर चकला ठरलेल्या वेळी चकसाठीचंच ग्रीस द्यावं आणि प्रत्यक्ष पकड ग्रिपिंग फोर्स मीटरने मोजून प्रेशर आणि पकड यांचा तक्ता मशीनवर लावावा. मीटर महाग वाटतो, पण तो पूर्ण शॉपमध्ये एकच पुरतो.

चकच्या कमाल क्षमतेकडेही लक्ष हवं. ८ इंची पॉवर चक पूर्ण प्रेशरला एकूण ८० किलोन्यूटनच्या पुढे पकड देऊ शकतो. त्याच्याकडून एकूण २ किलोन्यूटन मागितले तर सिलिंडर आणि वेजमधल्या घर्षणातच जोर कमी-जास्त होत राहतो, दर वेळी पकड वेगळी येते. फारच हलकी पकड लागत असेल तर छोटा चक किंवा कोलेट (जॉबला चहूबाजूंनी धरणारी चिरलेली नळी) बरा. हाताच्या चकवर चावीला पाइप लावायची सवय पातळ जॉबच्या मशीनवरून पूर्ण हद्दपार करावी.

जोर तोच, पण पसरवून

पकड कमी करण्यालाही मर्यादा असते. त्यापुढे खरा फायदा जोर जास्त जागी वाटण्यात आहे, आणि तो अंदाजापेक्षा फार मोठा आहे. एकूण जोर तेवढाच ठेवून तो तीनऐवजी सारख्या अंतरावरच्या सहा ठिकाणी दिला, तर जॉखालचं दबणं सुमारे १९ पट कमी होतं. ६० मायक्रॉनचा प्रश्न ३-४ मायक्रॉनवर येतो. सहा जॉचे चक याचसाठी असतात.

साध्या चकवर हेच काम पाय (pie) जॉ करतात, म्हणजे जवळजवळ पूर्ण वर्तुळ व्यापणारे रुंद सॉफ्ट जॉ. पण ते नीट बोअर केलेले हवेत. जॉच्या मागच्या पायरीत एक वेगळी रिंग (जॉब नव्हे) धरून, ज्या प्रेशरला जॉब पकडायचा त्याच प्रेशरला जॉ बोअर करावेत. मोकळे बोअर केलेले जॉ भार आल्यावर कलतात आणि फक्त एका कडेने टेकतात. जॉचा बोअर जॉबपेक्षा मोठा झाला तर प्रत्येक जॉ फक्त मधोमध टेकतो, म्हणजे पुन्हा तीन बिंदू, आणि रुंद जॉचा खर्च वाया. थोडा लहान राहिला तर जॉ दोन्ही कडांनी टेकतो आणि सहा ठिकाणी भार वाटला जातो. म्हणून बोअर जॉबच्या मापाला किंवा किंचित कमी ठेवावा, जास्त कधीच नाही. जॉबच्या बाहेरच्या व्यासात लॉटगणिक ०.१-०.२ मिमी फरक येत असेल तर आधी बाहेरचा व्यास टर्न करून घ्यावा.

त्याहून चांगला उपाय म्हणजे पातळ भागाला त्रिज्येच्या दिशेने दाबायचंच नाही. रिंग अक्षाच्या दिशेने फार कडक असते. फेसवरून दाबून मागच्या सपाट फेसवर टेकवणारं फिक्स्चर केलं तर बोअरचा आकार जवळजवळ बिघडत नाही. अट एकच: दोन्ही फेस सपाट आणि स्वच्छ हवेत, खाली चिप अडकली तर रिंग मुरडते. आणि रिंगा बारमधून किंवा जाड पाइपमधून काढायच्या असतील तर मागचा जाड भाग चकमध्ये धरून बोअर, बाहेरचा व्यास, पुढचा फेस सगळं एकाच पकडीत करावं आणि पार्टिंग शेवटी. थोडा माल जातो, पण गोलाईचा प्रश्नच उरत नाही.

मिलिंगच्या टेबलावर

इथे नियम तोच, फक्त आकार सपाट. कोल्हापूरकडच्या फाउंड्रीतून येणारी कास्ट आयर्नची बॉडी किंवा ॲल्युमिनियमची प्लेट पट्टी क्लॅम्पने दाबली, आणि क्लॅम्पच्या बरोबर खाली रेस्ट पॅड (टेकू) नसेल, तर जॉब तिथे वाकतो. वाकलेल्या अवस्थेत सपाट कापला जातो आणि सोडल्यावर उलटा उठतो.

एम १२ च्या बोल्टवर ४० न्यूटन-मीटर टॉर्क दिला तर कोरड्या आट्यांवर सुमारे १६-१७ किलोन्यूटन जोर तयार होतो. आट्यांना तेल लागलेलं असेल तर त्याच टॉर्कला तो २२ पर्यंत जातो. साध्या पान्याला अर्धा मीटरचा पाइप लावून २५० न्यूटनने ओढलं तर १२५ न्यूटन-मीटर होतात, आणि हिशोबाने ५० किलोन्यूटनच्या पुढे, म्हणजे ८.८ ग्रेडचा एम १२ बोल्टच ताणला जाण्याइतका जोर. टॉर्क रेंच आणि आट्यांची एकसारखी स्थिती, दोन्ही लागतात. पट्टीवरची बोल्टची जागाही बघावी: बोल्ट जॉबच्या जितका जवळ, तितका बोल्टचा जास्त वाटा जॉबवर आणि कमी मागच्या टेकूवर. बरेच जण बोल्ट टेकूजवळ ठेवतात आणि मग पकड पुरत नाही म्हणून आवळत बसतात.

तपासायचा मार्ग साधा आहे. क्लॅम्प आवळायच्या आधी त्याच्या जवळ जॉबवर डायल लावून शून्य करा. आवळताना काटा ०.०१ मिमीपेक्षा जास्त सरकला तर खाली पोकळी आहे. फीलर गेज घालून जागा शोधा, शिम (पातळ पत्रा) द्या किंवा ॲडजस्टेबल जॅक लावा. कट झाल्यावर मशीनवरच, डायल लावलेली ठेवून, एकेक क्लॅम्प सैल करा. काटा जितका उठला, तितकी चूक पकडीने दिली.

व्हाइसमध्ये पातळ प्लेट दोन्ही बाजूंनी दाबली की मध्ये फुगते, शिवाय चल जबडा थोडा वर उचलतो. अशा प्लेटला व्हाइस योग्य नाही. व्हॅक्यूम प्लेट किंवा कडेला बोल्टची जागा ठेवून शेवटी ती कापून टाकणं बरं.

पकडीचा दोष की मालातला ताण?

पकड योग्य करूनही जॉब सोडल्यावर वाकला, तर मालातला आतला ताण हेही कारण असू शकतं. ओढून काढलेला बार, वेल्डिंग केलेला जॉब किंवा स्ट्रेस रिलीव्ह न केलेलं (तापवून आतला ताण न काढलेलं) कास्टिंग असेल तर हे हमखास घडतं. दोन्ही वेगळे ओळखण्यासाठी जॉब चकमध्ये असतानाच जॉ क्रमांक १ च्या समोर मार्करने खूण करावी. सलग पाच जॉब काढून भिंतीची जाडी जॉखाली आणि मध्ये मोजावी. पातळ जागा दर वेळी जॉसमोरच येत असेल तर कारण पकड. ती जॉबगणिक भलत्याच जागी येत असेल, किंवा भिंत सगळीकडे सारखी असून रिंगच लंबगोल झाली असेल, तर प्रेशर कितीही कमी केला तरी उपयोग नाही. तिथे रफिंगनंतर स्ट्रेस रिलीव्ह करून, दोन्ही बाजूंनी सारखा माल काढून मगच फिनिशिंगला जावं लागतं.